उलटी फिरवली की हलकी

२ डिसेंबर १९९६, सोमवार

पोचलो एकदाचा. इचलकरंजीहून निघालो तेव्हा अंगात स्वेटर होता, फलटणला गाडी बदलताना तो काढला आणि बारामतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा शर्टाच्या बाह्या वर होत्या. मोहनराव स्वतः स्कूटर घेऊन आले होते. एवढा गिरणीचा मॅनेजर झालेला माणूस, माझी वळकटी स्वतःच्या पायांशी ठेवून म्हणतो कसा, "दिगू, वाळलास की रं. वैनीच्या हातचं खा आता महिनाभर."

ज्याला आपण गुरू म्हणावं असा मला एकच माणूस भेटला. डिप्लोमा करून सूतगिरणीत लागलो तेव्हा नुसती पुस्तकं ठाऊक होती. टेस्टर धरायचा कसा, मोटरच्या अंगाला तळहात नव्हे तर हाताची मागची बाजू लावायची, हे त्यांनी शिकवलं. रोजनिशीची सवयही त्यांचीच. मशिनचं दुखणं त्याच दिवशी लिहावं, म्हणायचे, दुसऱ्या दिवशी माणूस खोटं आठवतो.

गिरणी पुठ्ठ्याची आहे. बारामती सोडून इंदापूर रस्त्याला लागलं की दोन्हीकडं ऊस, आणि मग एकदम बगॅसचा डोंगर दिसतो, उसाचा रस काढून उरलेल्या चोथ्याचा. आसपासच्या कारखान्यांतून तो येतो. चांगला माल पुठ्ठ्याला, गाळसाळ बॉयलरला. मला फाटकाजवळची खोली दिली आहे. खिडकीतून कालवा दिसतो. जेवण मोहनरावांकडं. जयवंता वहिनींनी आज बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. पोटभर जेवलो आणि घरी कार्ड टाकलं, की काळजी करू नये, इथं माझा थोरला भाऊ आहे.

६ डिसेंबर

ज्या कामासाठी बोलावलं ते आज नीट पाहिलं.

बॉयलरला बगॅस नेणारा एक कॅरिअर आहे. लोखंडी फळ्या लावलेली लांबलचक साखळी, ढिगाखालच्या बोगद्यातून सरकत जाते, मग वर चढते आणि भट्टीच्या तोंडात माल टाकते. ही साखळी ओढणारी मोटर पूर्वी एकाच वेगानं चालायची. गेल्या सीझनला तिला ड्राइव्ह बसवला. बटण फिरवलं की वेग कमीजास्त होतो, वाफ लागेल तेवढाच माल जातो. या भागात अशी चीज क्वचितच. मीही दोनदाच हाताळली आहे.

मोटर तापते. दिवाळीपासून तापते म्हणतात. हात लावला तर चटका बसतो, आणि दुपारपर्यंत ड्राइव्ह स्वतःच बंद पडतो. पुण्याहून दोन जण येऊन गेले. दोघेही परत आले नाहीत. मोहनराव हसून म्हणाले, त्यांना जमलं नाही म्हणून तर तुला आणला.

कारण मला लगेच सुचलं. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. वेग कमी केला की पंखाही मंद होतो. वारा घटतो, पण साखळीचं ओझं तेवढंच, म्हणजे उष्णता तेवढीच. उपाय सोपा: वेगळ्या लाइनवर चालणारा एक ब्लोअर तिच्या पाठीमागं बसवायचा, म्हणजे मोटर हळू फिरो वा जोरात, वारा कायम. मोहनरावांनी पाठीवर थाप मारली. वहिनींना सांगितलं, आज गोड करा.

१२ डिसेंबर, गुरुवार

गिरणी गुरुवारी बंद असते. मोहनराव सकाळीच मला स्कूटरवर मोरगावला घेऊन गेले. गणपतीपुढं बराच वेळ हात जोडून उभे होते. त्यांना एवढं देवभक्त मी कधी पाहिलं नव्हतं. परतताना म्हणाले, तुला पाच वर्षांत मी जे सांगितलं ते तू केलंस, एकदासुद्धा का म्हणून विचारलं नाहीस, अशी माणसं आता मिळत नाहीत. मला बरं वाटलं. त्यांच्या पाठीमागं बसून मी उगाच हसत होतो.

दुपारी ब्लोअर बसवला. उद्या बघू.

१७ डिसेंबर

ब्लोअर छान चालतो. मोटर तरीही तापते.

मग शिस्तीत एकेक गोष्ट तपासली. तिन्ही फेजचा करंट सारखा. वाइंडिंगचं इन्सुलेशन चांगलं. बेअरिंग नवी आहेत, अलाइनमेंट बरोबर आहे, गिअरबॉक्सचं तेल बदललं. शेवटी मोटर साखळीपासून सोडवली आणि नुसतीच फिरवली. तासभर चालली, कोमटसुद्धा झाली नाही. म्हणजे मोटर निरोगी आहे आणि ड्राइव्हही. दुखणं साखळीत आहे. काहीतरी तिला मागं ओढतंय.

मोहनरावांना हे सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, साखळी मी स्वतः बघितली आहे, तू तुझं इलेक्ट्रिकल बघ. बॉयलरवरचे सर्जेराव तिथंच होते. पिकल्या मिशांचा, अबोल माणूस. ते उठून कोळसा नसलेल्या भट्टीत उगाच कोळसा ढवळावा तशी राख ढवळू लागले.

१९ डिसेंबर, गुरुवार

साखळी रिकामी करून चालवली. बगॅसचं एक काडुक नाही तिच्यावर. करंट जास्तच.

तो एकसारखा जास्त असता तर समजलं असतं, घासत असेल कुठंतरी. पण काटा चढतो, थांबतो, उतरतो, पुन्हा चढतो. दमलेल्या माणसानं दोर ओढावा, श्वास घ्यावा, पुन्हा ओढावा तसा. मी वेग वाढवला की ओढ वाढते. कमी केला की कमी होते.

कंटाळून मी दिशा बदलली. साखळी उलटी, भट्टीकडून ढिगाकडं फिरवली. काटा एकदम खाली आला. इतका खाली, की रिकामी मोटरसुद्धा तेवढा कमी करंट घेत नाही. मी मीटर बदलून पाहिला. तेच. उलट दिशेला ती हलकी होते. कुणीतरी ढकलू लागावं तशी.

असं कुठल्याही पुस्तकात नाही. मोहनरावांना सांगायचं धाडस झालं नाही.

२४ डिसेंबर

आज फाटकावर एक बाई उभी होती. बानूबाई. डोक्यावर पदर, हातात काठी. वॉचमन तिला हाकलत होता आणि ती हलत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, तिचा नवरा रतन इथं कॅरिअरवर कामाला होता. आजोबांपर्यंत मेंढरं राखणारी माणसं ही, मोरगावकडची. कालव्यापलीकडं झोपडी आहे. दिवाळीच्या तोंडावर रतन कामावर आला तो घरी गेला नाही. गिरणीतले सांगतात की तो हप्ता उचलून एस.टी.त बसला, मुंबईला पळाला.

ती वॉचमनला नव्हे, मला म्हणाली, "साहेब, पळून जानारा मानूस सायकल हितं ठेवून जाईल व्हय? ती बगा शेडात हाय. चपला बी न्हेल्या न्हाईत त्यानं. अनवानी मुंबईला गेला का माजा नवरा?"

सायकल खरंच शेडात आहे. हँडलला केशरी गोंडा आहे.

जेवताना मी विषय काढला. मोहनराव म्हणाले, रतन पीत होता, बायकोला कंटाळला होता. वहिनींनी मला न विचारता आणखी भात वाढला.

२८ डिसेंबर

मालक पुण्याहून येऊन मोहनरावांना बोलून गेले. बॉयलर बंद पडतो म्हणून गिरणी बंद पडते. संध्याकाळच्या आत मोहनरावांनी मला पॅनेलपाशी नेलं. सांगितलं, मोटरच्या पोटात जो उष्णतेचा सेन्सर आहे, तापली की ड्राइव्ह बंद करणारा, तो काढून टाक. करंटची मर्यादा वाढव. जोर वाढव, जेवढा वाढेल तेवढा.

मी म्हणालो, सेन्सर काढला तर अडकल्यावर ती थांबणार नाही. ते म्हणाले, ब्लोअर आहे ना तुझा? जळत नाही ती. थांबायलाच नको आहे मला.

मी केलं. का म्हणून विचारलं नाही.

३१ डिसेंबर

तीन दिवस गिरणी अखंड चालू. सगळे खूश. मोटर तापते पण जळत नाही, ब्लोअर तिला सांभाळतो. साखळी थांबत नाही.

पण आता बोगद्याच्या झाकणाशी उभं राहिलं की आवाज येतो. लोखंडावरून काहीतरी फरफटत जाण्याचा. भट्टीच्या बाजूला जातो, मग पुन्हा ढिगाच्या टोकापासून सुरू होतो. दिवसाढवळ्या. आजूबाजूला माणसं काम करताहेत, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जाताहेत, गाणी लावून. आणि हा आवाज.

मी सोडून कुणीही त्या झाकणाजवळून जात नाही. वळसा घालून जातात. हे मला आज लक्षात आलं.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

गिरणी बंद असताना साखळीच्या फळ्या पाहिल्या, जिथं ती बोगद्यातून वर येते तिथं. प्रत्येक फळीच्या मागच्या कडेवर गंज खरवडलेला आहे. चार रेघा एकत्र, बाजूला एक. मी माझी बोटं त्यांवर ठेवली. बसली.

कपड्यानं पुसून, ग्रीस लावून ठेवलं.

३ जानेवारी

ग्रीसमध्ये पुन्हा. ताज्या.

८ जानेवारी

सर्जेराव रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर भेटले. भेटले म्हणजे मीच गाठलं. ग्रीसमधल्या बोटांचं सांगितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग खाली मान घालून बोलले. जसं बोलले तसं लिहितो.

"कॅरिअर अडाकला व्हता. रतन झाकान उघडून आत उतारला. मी वरनं वरडून सांगितलं, रतन आत हाय, रतन आत हाय. मोहनराव बटनापाशी हुबं. म्हनले, आला आसंल भाईर. आन् चालू केलं. साखळी वाईच अडली, साहेब. त्यानं धरली आसंल. मग त्या नव्या मशिननं जोर लावला आन् निगाली पुढं."

मी विचारलं, मग बाहेर काय काढलं?

"भट्टीत काय ऱ्हातंय व्हय?" म्हणाले. मग, "मागनं मोहनरावांनीच आमाला शिकवलं, रतन मुंबैला गेला म्हनायचं. माज्या दोन पोरी उजवायच्या हायत. मी गप बसलो. तुमीबी मी सांगितलं म्हनू नका."

मी चहा न पिता आलो.

९ जानेवारी

सर्जेराव म्हातारे आहेत, चुकत असतील. ऐकण्यात चूक झाली असेल. मोहनराव असं—

माझ्या हाताला शॉक बसला होता तेव्हा त्यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं होतं. पळत. चप्पल न घालता.

११ जानेवारी

पुण्याचे ते दोघे परत का आले नाहीत ते समजलं. त्यांनी विचारलं असणार. कोणीही विचारील.

मला बोलावलं ते मी हुशार म्हणून नाही. मी विचारत नाही म्हणून.

आणि मी काय केलं? रतन साखळी धरून ठेवत होता. रोज धरून ठेवत होता, दुपारपर्यंत, मोटर तापून बंद पडेपर्यंत. तेवढीच त्याची सुट्टी होती. ती मी काढून घेतली.

१४ जानेवारी, संक्रांत

न सांगता राहवेना. मोहनरावांच्या घरी गेलो, तिळगूळ घेतला आणि सगळं बोललो. सर्जेरावांचं नाव घेतलं नाही. बोटांचं सांगितलं, उलट दिशेचं सांगितलं.

मला वाटलं मारतील. ते रडले. पाटावर बसून, लहान मुलासारखे. म्हणाले, दिगू, मला ऐकू आलं नव्हतं रे. भट्टीचा आवाज होता. आणि मग मी घाबरलो, आणि एकदा खोटं बोललो की... किती दिवस झोपलो नाही मी. बरं झालं तू बोललास. आपण दोघं मिळून बारामतीला पोलिसात जाऊ. गुरुवारीच जाऊ, गिरणी बंद असते.

मीही रडलो. माझा माणूस मला परत मिळाला असं वाटलं.

निघताना त्यांनी हात धरला. म्हणाले, एक कर. रतनच्या दंडात ताइताची चांदीची पेटी होती, खंडोबाची. बोगद्यात पडली असेल. बानूबाईपुढं रिकाम्या हातानं कसा जाऊ? माझी आत उतरायची छाती नाही. तू शोधशील का?

मी हो म्हणालो.

वहिनी दारात तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चहात गूळ चालेल का, एवढंच विचारलं.

१६ जानेवारी, गुरुवार, सकाळ

गिरणी शांत आहे. पॅनेलमधून तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले. मोहनराव इस्त्रीचे कपडे घालून आले आहेत, स्कूटर बाहेर तयार आहे. पेटी मिळाली की थेट बारामती. ते झाकणाशी उभे राहणार आहेत. वही सोबत घेतो, काय कुठं मिळालं ते लिहून ठेवायला, पोलिसांना लागेल.

उतरतो.

—

आत वाकून चालावं लागतं. एका बाजूला ढीग, वाट बंद. दुसरीकडं चढ, भट्टीकडं. फळ्यांवर चालतोय. पेटी नाही. भिंतीलाही त्याच रेघा. खांद्याच्या उंचीपर्यंत.

वास येतो. बगॅसचा नाही.

—

अंधार झाला. झाकण पडलं. हाक मारली. वाटलं हातातून सुटलं असेल—

बोल्ट आवळतायत. पान्याचा आवाज मी ओळखतो. मोहनराव, मी आहे आत. मी आहे म्हणून सांगितलं. तीनदा. चारदा. माझा आवाज त्यांना जातोय. आता भट्टी बंद आहे. आता ऐकू न येण्यासारखं काही नाही.

ते म्हणाले, "माझ्या हातात राहिलं न्हाय रं, दिगू."

एवढंच म्हणाले. पावलं पॅनेलकडं गेली.

—

फ्यूज माझ्या खिशात आहेत. हात लावून पाहिले. तिन्ही आहेत.

स्टोअरमध्ये दुसरे असतात. मीच आणून ठेवले.

वर फटाफट लाकडं फोडल्यासारखा आवाज. भट्टी पेटवतायत. सर्जेराव आज सुट्टीवर— कोण पेटवतंय? बांगड्या वाजल्या. बांगड्या.

—

भिंतीत खाली पाणी जायचं भोक आहे, कालव्याच्या अंगाला. त्यातून उजेड येतो, त्यावर लिहितोय. हात जातो, खांदा जात नाही. वही जाईल. बानूबाई, ही वही सापडली तर कुणाकडूनही वाचून घ्या. रतन पळाला नाही. दारू प्यायला नव्हता. तुम्हाला सोडून गेला नाही. साखळी धरून—

—

ब्लोअर सुरू झाला. माझा ब्लोअर.

—

साखळी हलली. वीतभर. थांबली.

पुन्हा. थांबली.

भोकाची कड धरून बसलोय, पाय फळ्यांवरून उचलता येत नाहीत, जागा नाही. पुढच्या फळीवर हात आहेत. दोन. फळीच्या मागच्या कडेला. राखेच्या रंगाचे. मनगटापर्यंत दिसतात, पुढं काही नाही. शिरा फुगल्यात.

मागं ओढतायत. माझ्याकडं नाही, साखळीलाच. ढिगाकडं.

—

मोटर गुरगुरतेय. जोर वाढवतायत. मी सांगितलेल्या जागी बटण आहे.

तापेल. तापून बंद— नाही. सेन्सर नाही. ब्लोअर आहे. ती जळणार नाही, ती थांबणार नाही, मीच—

—

पुन्हा वीतभर. बोटं घसरतायत त्याची.

चढाच्या टोकाला लाल दिसतंय.

रतन. माफ कर. धर. सोडू नको. मी पण धरतो, आपण दोघं मि—

वही टाकतो. धर रे बाबा, ध